संदेश मराठीत, क्रमांक तोच

संगणकाच्या पडद्यावर मराठी अक्षरे उमटली की आपल्याला आनंद होतो, आणि तो रास्तच आहे. परंतु स्वभाषेची कसोटी स्वागताच्या पाटीवर लागत नाही. काही बिघडले असता यंत्र माणसाशी कोणत्या शब्दांत बोलते, तेथे ती लागते. पतपेढीतील लिपिकाची नोंद अडकली, तर पुढे येणारी ओळ शोभेची नसून कामाची असते. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तोही कारभारासाठीच.

तरीही आपलेच अनेक तरुण अभियंते हिरीरीने सांगतात की, त्रुटिसंदेश इंग्रजीतच असू द्यावेत. भाषांतरित वाक्य शोधयंत्रात टाकले तर उपाय सापडत नाही. तक्रार खोटी नाही, पण त्यावरचे औषध चुकीचे आहे. पोस्टग्रेस ही मुक्त डेटाबेस-प्रणाली पाहा. तिच्यात प्रत्येक त्रुटीला पाच चिन्हांचा संकेत आहे : शून्याने भागले तर २२०१२, एकदाच यावयाची नोंद दुसऱ्यांदा आली तर २३५०५. संदेशाची भाषा कोणतीही निवडा, संकेत बदलत नाही. संदेशाचा मजकूर न वाचता हा संकेतच तपासावा, असे तिच्या माहितीपुस्तिकेत आज्ञावलीकारांना स्पष्ट सुचविले आहे. असे असतानाही कित्येक आज्ञावल्या संदेशातील एखादा इंग्रजी शब्द हुडकून पुढचा निर्णय घेतात. भाषा बदलताच तो शब्द नाहीसा होतो, निर्णय चुकतो आणि दोष मात्र भाषांतराच्या माथी मारला जातो!

दुसरा घोटाळा खास आपल्या भाषेच्या वाट्याला येतो. फाइल सापडली नाही, कागद सापडला नाही, पान सापडले नाही. इंग्रजी क्रियापदाला लिंगाची फिकीर नसल्याने आज्ञावलीकार ‘सापडले नाही’ एवढा तुकडा एकदाच लिहून ठेवतो आणि त्यापुढे हवे ते नाम चिकटवितो. पडद्यावर येते ‘फाइल सापडले नाही’. असले मराठी वाचून माणूस इंग्रजीकडे वळला, तर त्याला दोष कसा द्यावा? वास्तविक गेटटेक्स्टसारख्या भाषांतर-साधनांत संपूर्ण वाक्य अनुवादकाच्या हाती देता येते. वाक्यात मागाहून भरावयाच्या शब्दांना क्रमांक देऊन त्यांचा क्रमही फिरविता येतो. मराठीत ‘या कप्प्यात ही फाइल नाही’ असा इंग्रजीच्या उलट क्रम लागतोच. परंतु तुकडेच हाती आले, तर कितीही जाणता अनुवादक काय करणार?

अनुवादकांनाही एक सांगावेसे वाटते. ‘अवैध निविष्टी’ हे शब्द शुद्ध असतील, पण ते वाचून लिपिकाने करायचे काय? ‘तारीख दिवस-महिना-वर्ष या क्रमाने लिहा’ असे म्हटले की त्याचा हात पुढे चालू लागतो.

आपल्यापैकी अनेक जण पतपेढ्या, शिक्षणसंस्था, ग्रंथालये चालवितात. तेथे नवी संगणकप्रणाली घेताना करारातच लिहून घ्यावे : वापरणाऱ्यास संदेश पूर्ण मराठी वाक्यात दिसेल, त्याखाली त्रुटिक्रमांक असेल, आणि तंत्रज्ञासाठीच्या नोंदवहीत तोच क्रमांक मूळ संदेशासह उमटेल. स्वीकारण्यापूर्वी मुद्दाम चुकीची तारीख भरून पाहावी.