ऑनलाइन पदवी समकक्ष, मग अनुदान का नाही? सातारा-सांगलीच्या नजरेतून समजून घ्या

विटा, खानापूर, आटपाडी भागातील कितीतरी कुटुंबे सोन्या-चांदीच्या गलाई व्यवसायासाठी देशभर विखुरली आहेत. परराज्यात दुकानावर बसणाऱ्या वीस वर्षांच्या मुलाला रोज कॉलेज गाठणे शक्य नाही. पाटण, जावळीच्या डोंगरातील मुलीची एसटी चुकली की तासही चुकतो. ऑनलाइन शिक्षण खरे तर अशांसाठीच आहे. पण त्याचा खर्च कोणी करायचा?

नियम काय सांगतो?

यूजीसीच्या २०२० च्या नियमावलीनुसार मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा दूरशिक्षणातील पदवी नियमित पदवीच्या समकक्ष आहे. 'स्वयम'वरील अभ्यासक्रमांतून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय पूर्ण करण्याची मुभाही २०२१ पासून आहे. म्हणजे मान्यतेचा प्रश्न बराचसा सुटला आहे. अडते ते पैशांपाशी.

पैसा कुठे अडतो?

अनुदानित महाविद्यालयाला सरकारी पैसा मुख्यतः वेतनासाठी मिळतो. मंजूर पदे आणि तासांचा कार्यभार हा त्याचा पाया. ऑनलाइन शिक्षणाचा खर्च वेगळा असतो: व्हिडिओ धडे, सर्व्हर, शंका सोडवणारा मार्गदर्शक, परीक्षा केंद्र. हा खर्च जुन्या सूत्रात बसत नाही.

राज्याने १९८९ मध्ये कायदा करून नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे केले. पण त्याचा गाडा प्रामुख्याने विद्यार्थ्यांच्या शुल्कावर चालतो. नियमित कॉलेजात जाऊ शकणाऱ्याच्या शिक्षणात सरकारचा वाटा मोठा, तर काम करत शिकणाऱ्याने बहुतेक भार स्वतः उचलायचा. ही मांडणी उलटी आहे.

या मातीचा वारसा काय?

१९४९ पर्यंत आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग सातारा जिल्ह्यातच होता. कऱ्हाडजवळच्या काले येथे १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. 'कमवा आणि शिका' इथेच रुजले. देवराष्ट्रे येथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास मुलांना फी सवलत मिळाली. पैशावाचून शिक्षण थांबू नये, हाच दोघांचा आग्रह. मोबाइलवर शिकणाऱ्याला तो लागू का नसावा?

इतरांनी काय केले?

कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये विधिमंडळाच्या मंजुरीने सरकारी ऑनलाइन कॉलेज सुरू केले. उभारणीसाठी १० कोटी डॉलर आणि दरवर्षी २ कोटी डॉलर ठरले. पुढे अभ्यासक्रम पूर्ण करणारे फारच थोडे निघाले आणि २०२१ च्या सरकारी लेखापरीक्षणात कॉलेजवर ताशेरे ओढले गेले. फ्लोरिडाची सरकारी व्हर्च्युअल शाळा १९९७ पासून चालते. तिथे विद्यार्थ्याने अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण केल्यावर निधी मिळतो. धडा सरळ आहे: पैसा द्या, पण हिशेबही मागा.

महाराष्ट्राने काय करावे?

• प्रति विद्यार्थी अनुदान कायद्यात लिहावे. काही भाग प्रवेशावेळी, उरलेला अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर द्यावा. निकाल फुगवला जाऊ नये म्हणून परीक्षा त्रयस्थ यंत्रणेने घ्यावी.

• तालुक्याच्या ठिकाणी ग्रंथालयात किंवा कॉलेजात इंटरनेट, संगणक आणि मार्गदर्शक असलेले अभ्यास केंद्र असावे. रेंज नसलेल्या गावाला ॲप देऊन उपयोग नाही.

• सरकारी पैशातून तयार झालेले मराठी धडे सर्व विद्यापीठांना मोफत खुले असावेत.

• प्रवेश, गळती आणि उत्तीर्ण यांचे आकडे दरवर्षी विधिमंडळासमोर मांडावेत.

धोका कोणता?

प्राध्यापकांची पदे रिक्त आहेत. 'ऑनलाइन आहे ना' म्हणत भरती टाळली जाईल, ही भीती रास्त आहे. म्हणून हा निधी स्वतंत्र हवा. महाविद्यालयांच्या अनुदानातून तो वळवता येणार नाही, अशी तरतूद कायद्यातच असायला हवी. साधा शासन निर्णय पुढच्या शासन निर्णयाने बदलता येतो. कायदा बदलायचा तर सभागृहात उत्तर द्यावे लागते.

दुकान सांभाळून रात्री अभ्यासाला बसणारा मुलगाही राज्याचा विद्यार्थी आहे. अर्थसंकल्पात त्याच्या नावाची ओळ असली पाहिजे.