वैद्यांनी एकत्र बसावे

लघवीवाटे रक्त गेले आणि वेदना मात्र झाली नाही, तर आपल्याकडे मनुष्य स्वस्थ बसतो. उन्हाळी लागली असेल, मुतखडा असेल, असे म्हणून घरात धणे-जिऱ्याचे पाणी सुरू होते. चार दिवसांनी रक्त आपोआप थांबते आणि दुखणे गेले असे सर्व जण मानतात. वस्तुतः विनावेदना रक्त जाणे हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे नेहमीचे पहिले लक्षण आहे, आणि रक्त थांबणे म्हणजे रोग जाणे नव्हे. कन्नड तालुक्यातील पिशोरसारख्या गावी हे लक्षण ओळखण्यात जे महिने वाया जातात, ते वाचविलेच पाहिजेत. परंतु आज आम्हांला लिहावयाचे आहे ते त्यापुढील प्रश्नाविषयी. रोग ओळखल्यावर त्याच्या उपचाराचा निर्णय कोणी करावयाचा?

आज हा निर्णय बहुधा रोग्याचे पाऊल प्रथम ज्या दारी पडेल ते दार करते. पिशोरचा साठी उलटलेला एखादा शेतकरी कन्नडमार्गे आमच्या शहरात येतो. तो शल्यविशारदाकडे गेला तर त्याला शस्त्रक्रिया सांगितली जाते, किरणोपचार करणाऱ्याकडे गेला तर किरणोपचार. यात कोणाची लबाडी असते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. ज्याने आयुष्यभर जी विद्या साधली, तिच्यावर त्याचा भरवसा असणे स्वाभाविक आहे. परंतु वैद्याची विद्या आणि रोग्याची गरज यांची गाठ योगायोगाने पडावी, ही काही शास्त्रीय पद्धती नव्हे.

मूत्रमार्गाच्या आणि पुरुषांच्या जननेंद्रियांच्या कर्करोगांत तर हा योगायोग विशेष महाग पडतो. कारण येथे एकाच रोगाला अनेक वाटा असतात. प्रोस्टेट ग्रंथीचेच उदाहरण घ्या. ब्रिटनमध्ये या ग्रंथीपुरताच मर्यादित कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांचे तीन गट पाडून एकास शस्त्रक्रिया, दुसऱ्यास किरणोपचार देण्यात आले आणि तिसऱ्यावर केवळ सावध देखरेख ठेवण्यात आली. पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. या कर्करोगाने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत शेकडा तीनच्या आसपास होते. फरक होता तो लघवीवरील ताबा, वैवाहिक जीवन आणि आतड्यांचा त्रास यांत. मग निवड कोणी करावयाची? जो एकच वाट चालतो त्याने एकट्याने, की तिन्ही वाटा जाणणाऱ्यांनी रोग्याला समजावून सांगून?

रोग पसरलेला असेल तर प्रश्न आणखी वेगळा होतो. पुरुषी संप्रेरक कमी केले की हा कर्करोग आवरतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखविले आणि १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ते संप्रेरक वृषणे काढण्याच्या एका लहान शस्त्रक्रियेने कमी होते, तसेच ठरावीक मुदतीने घेतलेल्या इंजेक्शनांनीही होते. शहरातील नोकरदाराला इंजेक्शने परवडतील. पिशोरहून दर खेपेस मजुरी बुडवून येणाऱ्याला ती परवडतील काय? हे शल्यविशारदापेक्षा रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकाला अधिक ठाऊक असते. म्हणून तोही त्या बैठकीत हवा.

मूत्राशयाच्या रोगात तर निर्णयाची पहिली किल्लीच विकृतिशास्त्रज्ञाच्या हाती असते. रोग स्नायूपर्यंत पोचला आहे की नाही हे तो सांगतो. पोचला नसेल तर दुर्बिणीने गाठ खरवडून पुढे, गरजेप्रमाणे, क्षयाची बीसीजी लसच मूत्राशयात सोडतात. कॅनडातील मोरालेस यांनी १९७६ साली हा उपाय प्रसिद्ध केला. पोचला असेल तर आधी किमोथेरपी आणि मग मूत्राशय काढणे, किंवा निवडक रोग्यांत औषधे व किरण यांच्या साहाय्याने मूत्राशय राखणे, हे पर्याय उरतात. मूत्राशय काढलेल्या मनुष्याला पोटावर पिशवी लावून शेतात काम करता येईल काय, हे अनुभवी परिचारिकेने आधीच सांगावयास हवे. आणि वृषणाचा कर्करोग, जो ऐन पंचविशी-तिशीत होतो व पसरल्यावरही बहुधा बरा होतो, त्यात किमोथेरपीपूर्वी वीर्य जतन करण्याची आठवण कोणी तरी दिली पाहिजे. ती नंतर देऊन उपयोग नाही.

यावर आक्षेप निघतील. बारा सुगरणी आणि आमटी अळणी, असे कोणी म्हणेल. जबाबदारी सर्वांची म्हणजे कोणाचीच नाही, असेही म्हणेल. परंतु निर्णय एकत्र करून त्याखाली प्रत्येकाची सही घेतली, आणि तो पार पाडण्यास एकाचे नाव नेमले, तर जबाबदारी विरघळत नाही, उलट पक्की होते. ब्रिटनने १९९५ सालच्या कालमन-हाइन अहवालानंतर कर्करोगाची सारी व्यवस्था या सामुदायिक विचाराच्या पायावर उभारली. दुसरा आक्षेप माणसांच्या टंचाईचा. तो खरा आहे. पण टंचाई असेल तेथे तर असलेली माणसे एकत्र बसविणे अधिकच अगत्याचे. आमच्या शहरात २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, घाटी आहे. त्याच वर्षी टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने राष्ट्रीय कर्करोग जाळेही उभे राहिले. आज त्यात तीनशेहून अधिक संस्था असून, अवघड रोग्यांविषयी दूरदृश्य बैठकीत विचारविनिमय करण्याची सोय आहे. म्हणजे जो तज्ज्ञ येथे नाही, त्याचे मत तरी येथे येऊ शकते.

आमची मागणी साधी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून या कर्करोगांवरील ज्या मोठ्या उपचारांस मंजुरी मिळते, त्यांच्या कागदांत, तातडीचा प्रसंग वगळता, सामुदायिक बैठकीचा लेखी निर्णय असावा. बैठकीचा वार ठरलेला असावा, म्हणजे विलंब होणार नाही. निर्णयाची प्रत सोप्या मराठीत रोग्याच्या हाती पडावी, आणि एक प्रत त्याच्या गावच्या डॉक्टरकडे जावी. कारण ताप आला, नळी तुंबली, तर रोगी धावतो तो त्याच्याकडेच.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची मुळे आजही अशाच गावांत आहेत. फाइल घेऊन गावाकडचा चुलता दारी येतो, तेव्हा आपण त्याला ओळखीच्या डॉक्टरचे नाव सांगतो आणि कर्तव्य संपले असे मानतो. यापुढे त्याच्यासोबत जाऊन एक प्रश्नही विचारावा: “हा निर्णय कोणाकोणी मिळून केला?” हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. ज्या डॉक्टरला तो खटकणार नाही, त्याच्यावर खुशाल विश्वास टाकावा.