लग्नाआधी सिकलसेलची तपासणी: संग्रामपूरसारख्या तालुक्यात ती कधी व्हायला हवी?

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी संग्रामपूर तालुका आहे. वर अंबाबरवा अभयारण्याचं जंगल आणि आदिवासी वस्त्या, खाली खारपाणपट्ट्यातली गावं. 'सिकलसेल' म्हटलं की गडचिरोली, चंद्रपूर किंवा नंदुरबारचं नाव आधी येतं. पण या आजाराचा नकाशा जिल्ह्यांच्या सीमा पाळत नाही.

पुण्याचे संशोधक, पद्मश्री डॉ. सुदाम काटे यांनी राज्यभर केलेल्या पाहण्यांतून हा नकाशा बराच स्पष्ट झाला. पूर्व विदर्भ, उत्तरेकडची सातपुड्याची रांग आणि मराठवाड्याचा काही भाग, असा हा पट्टा आहे. भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही समाजांत वाहकांचं प्रमाण 20 ते 35 टक्के आढळलं. आजार फक्त आदिवासींपुरता नाही. विदर्भात अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गीय समाजांतही तो आहे.

वाहक आणि रुग्ण यांत फरक काय?

रक्ताला लाल रंग देणारं हिमोग्लोबिन कसं बनवायचं, याची सूचना प्रत्येकाला दोन प्रतींत मिळते. एक आईकडून, एक वडिलांकडून. एकाच प्रतीत सिकलसेलचा दोष असेल, तर ती व्यक्ती वाहक. दोन्ही प्रतींत असेल, तर रुग्ण.

वाहक सहसा ठणठणीत असतो. शेतात राबतो, शिकतो, संसार करतो. रुग्णाच्या लाल पेशी मात्र विळ्यासारख्या वाकड्या होतात, लहान रक्तवाहिन्यांत अडकतात. सांधे आणि हाडं असह्य दुखतात, रक्त कमी होतं, जंतुसंसर्ग लवकर होतो. अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं उसळतं. म्हणून रुग्णाला भरपूर पाणी पिण्याचा सल्ला देतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात मजुरीला जाणाऱ्यासाठी आणि विहिरीचं पाणी खारट असलेल्या गावासाठी हा सल्ला पाळणं सोपं नाही.

लग्नाचा संबंध इथे येतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के, वाहक असण्याची 50 टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची 25 टक्के. पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याचा धोका कमी होत नाही. दोघांपैकी एकच वाहक असेल आणि दुसरा पूर्ण निर्दोष असेल, तर मुलाला हा आजार होत नाही.

समजा, एखाद्या समाजात 20 टक्के लोक वाहक आहेत. लग्नं कसलीही तपासणी न करता जुळली, तर दर 25 जोडप्यांत साधारण एका जोडप्यात दोघेही वाहक निघतील. मामेबहिणीशी किंवा जवळच्या नात्यात लग्न होत असेल, तर ही शक्यता आणखी वाढते, कारण दोष एकाच घराण्यातून दोघांकडे आलेला असू शकतो.

एक चाचणी पुरेशी आहे का?

गावपातळीवर होणारी सोल्युबिलिटी चाचणी स्वस्त आणि झटपट आहे. पण ती फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. सोल्युबिलिटी चाचणीत थॅलेसेमियाचा वाहक सापडत नाही. एक जोडीदार सिकलसेलचा आणि दुसरा बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल, तरीही मूल आजारी होण्याची शक्यता 25 टक्के असते. म्हणजे एक वाहक निघाला, तर दुसऱ्याची पूर्ण तपासणी हवी. 'निगेटिव्ह' चिठ्ठीवर थांबून चालत नाही.

इतर देशांचा अनुभव काय सांगतो?

सायप्रसमध्ये थॅलेसेमियाचं प्रमाण मोठं होतं. तिथे 1980च्या दशकात चर्चने लग्नाआधी तपासणीचं प्रमाणपत्र मागायला सुरुवात केली. सोबत समुपदेशन आणि गर्भतपासणीची सोय होती. आजारी बालकांचे जन्म जवळपास थांबले, आणि बहुतेक वाहक जोडप्यांनी लग्नही मोडलं नाही.

ग्रीसमधल्या ऑर्कोमेनोसमध्ये उलट घडलं. 1970च्या दशकात तिथे सिकलसेलची तपासणी झाली. पण वाहकांकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं आणि अनेकांनी ठरलेल्या जोडीदारापासून निकाल लपवला. अमेरिकेतही त्याच दशकात काही राज्यांनी तपासणीची सक्ती केली. भेदभावाच्या तक्रारी वाढल्यावर ती मागे घ्यावी लागली.

चाचणी सगळीकडे साधारण सारखीच होती. फरक पडला तो समजावून सांगण्यात आणि पुढची सोय देण्यात.

मग इथे काय करायला हवं?

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम सुरू झाली. 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047पर्यंत निर्मूलन, हे तिचं उद्दिष्ट. तपासणी झालेल्यांना जनुकीय स्थितीचं कार्ड दिलं जातं.

पण कार्ड कधी हातात पडतं, यावर सगळं अवलंबून आहे. सुपारी फुटल्यावर, पाहुण्यांना निमंत्रणं गेल्यावर निकाल आला, तर मोडतं ते लग्न आणि बोल लागतो तो बहुतेक वेळा मुलीला. म्हणूनच तपासणीची योग्य जागा शाळा, आश्रमशाळा आणि कनिष्ठ महाविद्यालय आहे. स्थळ पाहण्याच्या कितीतरी आधी मुलाला आणि मुलीला, दोघांनाही स्वतःची स्थिती माहीत हवी. निकाल गुप्त राहायला हवा. तो कुणाला सांगायचा हे त्या व्यक्तीने ठरवावं.

दोन वाहकांनी लग्न करायचं ठरवलं, तर तो त्यांचा हक्क आहे. त्यांच्यासाठी गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भाची तपासणी करता येते. लिंगनिदानबंदीचा कायदा हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी अशी तपासणी करू देतो. मात्र ही सोय मोठ्या शहरांत आहे. सातपुड्याच्या पायथ्यावरून तिथवर वेळेत पोहोचायचं, तर खर्च आणि वाट दाखवणारा माणूस, दोन्ही लागतात.

आज जे रुग्ण आहेत, त्यांचा प्रश्न लग्नाच्या तपासणीने सुटत नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध नियमित मिळालं, तर दुखण्याचे झटके कमी होतात. 2016च्या कायद्याने सिकलसेलचा दिव्यांगत्वात समावेश केला आहे, त्यामुळे प्रमाणपत्र आणि सवलतींचा दावा करता येतो. तालुक्याच्या रुग्णालयात औषध नसेल आणि फक्त कार्डं वाटली जात असतील, तर पुढच्या वेळी तपासणीसाठी बोट पुढे करायला लोक का तयार होतील?