फळ्याची जबाबदारी

सकाळचा दुसरा चहा घेताना (पहिला मी मोजत नाही, हे जुन्या वाचकांना ठाऊक आहे) मोबाइलवर एका व्यंगचित्रकाराचं खातं उघडायचं, हा माझा नेम. या मंगळवारी उघडलं, तर चित्रांच्या जागी दोन ओळी: कायदेशीर मागणीवरून हे खातं भारतात रोखलं आहे. मागणी कुणाची, चित्र कुठलं, पत्ता नाही. अमेरिकेतल्या मेव्हण्याला फोन लावला. त्याला सगळं दिसत होतं. “शेवटचं चित्र खड्ड्याचं आहे,” तो म्हणाला. “पण त्याच्यामुळेच गेलं कशावरून?” तेच तर. कशामुळे गेलं हे कळलं असतं, तर निदान भांडता आलं असतं.

कायदा थोडक्यात सांगतो, चहा निवतोय. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, अशी अटक करू देणारं कलम ६६अ रद्द केलं. मजकूर रोखायचा अधिकार देणारं ६९अ मात्र ठेवलं; कारणं लेखी नोंदवावी लागतात, म्हणजे कोर्टात जाता येईल, या भरवशावर. पण २००९ च्या नियमांतला सोळावा नियम म्हणतो की तक्रार आणि कारवाई, दोन्ही गोपनीय. म्हणजे कारण लेखी आहे, पण कपाटात आहे. ट्विटर अशा हुकमांविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात गेलं, तर २०२३ मध्ये याचिका फेटाळली गेली, वर ५० लाखांचा दंड.

आता आमच्या सोसायटीचा फळा. जिन्याखाली टांगलेला, एक कोपरा उडालेला. पाण्याची वेळ, सत्यनारायण, कुणी गेल्याची बातमी, सगळं त्याच्यावर. मागच्या उन्हाळ्यात त्यावर एक ओळ उमटली: ‘मे महिन्यात टँकर आले किती आणि बिलं किती टँकरची?’ अक्षर सगळ्या बिल्डिंगच्या ओळखीचं. पण आमचे सेक्रेटरी लिहिणाऱ्याच्या वाटेला गेले नाहीत. गेले असते तर त्यानं हिशेब तोंडावर मागितला असता. त्यांनी गाठलं वॉचमनमामांना. “फळा तुमच्या खुर्चीसमोर आहे. पुन्हा असलं काही दिसलं, तर तुमचं बघावं लागेल.”

मामांना मराठी उत्तम वाचता येतं. पण ‘असलं काही’ म्हणजे नेमकं कसलं, हे फळ्यावर कुठून वाचणार? त्यांनी विचार करून सोपा नियम बसवला: प्रश्नचिन्ह दिसलं की पुसायचं. टँकर त्याच दुपारी गेला. मग ‘किल्ली कुणाची हरवली आहे का?’ गेलं. मग तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं ‘मांजराची पिल्लं कुणाला हवी आहेत का?’ तेही गेलं. आजींनी पुन्हा लिहिलं, मामांनी पुन्हा पुसलं. खुर्चीच्या हातावर ओलं फडकं कायम वाळत घातलेलं.

मी एकदा विचारलं, “मामा, मांजराचं पुसायला कुणी सांगितलं?”

“सांगितलं नाही साहेब. पण उद्या सांगितलं तर?”

मामांना दोष देववत नाही. टँकरचं बिल त्यांच्या खिशातून जात नाही, नोकरी मात्र त्यांची जाते. समाजमाध्यम कंपन्यांचंही तेच. लोकांनी लिहिलेल्याबद्दल त्यांना धरायचं नाही, हे संरक्षण कलम ७९ देतं. सरकारनं सांगूनही मजकूर काढला नाही, तर तेच संरक्षण जातं. काढायला २०२१ च्या नियमांत ३६ तास होते, २०२६ च्या फेब्रुवारीत ते ३ वर आले. तीन तासांत कुणी कायद्याची पुस्तकं उघडत नाही, फडकं उचलतो. दंगल पेटवणारा व्हिडिओ तीन मिनिटांत गेला तरी माझी तक्रार नाही. पण ज्याचं पुसलं त्याला कारणाचा कागद मिळालाच पाहिजे. आणि पुसायला सांगणाऱ्यानं त्यावर सही करावी. आमच्याकडे गच्चीची किल्ली नेतानासुद्धा सही लागते.

टँकरचा हिशेब अजून लागलेला नाही. पिल्लं मात्र वाढतायत. परवा आजींनी मला जिन्यात गाठलं. “फळ्यावर काही टिकत नाही बाबा. तुझ्या पेपरात तरी टाक.” टाकतो. तीन आहेत, दोन करडी, एक काळं. दूधभात खातात. हवी असतील त्यांनी कळवावं. प्रश्नचिन्ह मुद्दाम घातलेलं नाही.