पाहुणे खेळाडू आणि घरचे मैदान

होळकर संघाने १९४५-४६ ते १९५२-५३ या काळात चार वेळा रणजी करंडक जिंकला, याचा अभिमान धार-देवासच्या आपल्या घरांतून आजही नांदतो. मात्र त्या संघाचे कर्णधार सी. के. नायडू मूळचे नागपूरचे. १९४८ मध्ये महाराष्ट्राकडून नाबाद ४४३ धावा करणारे भाऊसाहेब निंबाळकरही पुढे होळकर संघात आले. त्यास आपण राजाश्रय म्हटले. मग इंदूरचा जलज सक्सेना २०१६ मध्ये केरळकडे गेला, त्यास बेइमानी कसे म्हणावे? खेळाडूला संधी शोधण्याची मुभा हवीच.

माझा आक्षेप निराळा आहे. मधल्या फळीतील संघ मुलाला वर्षानुवर्षे घडवतो आणि तो तयार होताच ना हरकत प्रमाणपत्र लिहून देतो. फुटबॉलमध्ये फिफाच्या २००१ च्या नियमांपासून खेळाडू घडवणाऱ्या क्लबला भरपाई मिळू लागली. (पैशाचा खेळ म्हणून ज्यास नावे ठेवतो, त्याने हे करावे, ही मौजच!) आपल्या रणजी क्रिकेटमध्येही तशी तरतूद व्हावी आणि तिचा वाटा केवळ राज्य संघटनेपाशी न थांबता जिल्ह्यांपर्यंत यावा. इंदूरला जाणारी धार-देवासची मुले प्रथम येथील मैदानांवरच बॅट धरतात.