कोकण रेल्वेचे ४,०७९ कोटी आणि आमचे जामीनदार

शेतकऱ्याचे कर्ज सोडले की ती 'माफी' आणि सरकारी कंपनीचे सोडले की 'आर्थिक पुनर्रचना'! ही भाषा कोण ठरवतो, हे बहुजन समाजाने विचारायला हवे.

कोकण रेल्वे महामंडळ १९९० साली स्थापन झाले. रोखे विकून मार्ग बांधला गेला, १९९८ साली तो पूर्ण खुला झाला. पण उत्पन्नातून व्याजही भागेना. रोखेधारकांची देणी फेडायला रेल्वे मंत्रालयाने कर्ज दिले आणि २००८च्या सुमारास त्यातले सुमारे ४,०७९ कोटी रुपये भागभांडवलात बदलून टाकले. म्हणजे व्याज बंद. नफा झाला तरच लाभांश, आणि एखाद्या वर्षी तो मिळाला नाही तर पुढच्या वर्षी मागायचाही नाही. कागदावर ही कर्जमाफी नव्हे. असा कागद आमच्या माणसाला कोणत्या बँकेने दिला?

रेल्वेला आमचा विरोध नाही. रत्नागिरीचा गिरणी कामगार एकेकाळी बोटीने गावी जात असे. आज त्याची नातवंडे गाडीने जातात. नफ्यासाठीच रेल्वे असावी, असेही आम्ही मानत नाही.

पण त्याच २००८ साली केंद्राने शेतकऱ्यांची कर्जमाफी जाहीर केली, तेव्हा भूमिहीन मजूर बाहेरच राहिला. सातबारा नाही, म्हणून पीककर्ज नाही, म्हणून माफी नाही. जमीन रेल्वेसाठी गेली तेव्हाही मोबदला सातबाऱ्यावरच्या नावालाच. त्या जमिनीत राबणाऱ्याला काय? ज्या कोकणातली खोती मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले, तिथली ही गोष्ट आहे. मागासवर्गीय महामंडळाकडून शिलाई मशीनसाठी कर्ज घेणाऱ्या आमच्या भगिनीला मात्र आधी जामीनदार शोधावा लागतो आणि हप्ता थकला की नोटीस दोघांच्याही दारात येते. साबण-काडेपेटीवर कर भरून ते ४,०७९ कोटी उभे करणाऱ्यांत तीही होती!

२०२५च्या मे महिन्यात महाराष्ट्र सरकारने कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतील विलीनीकरणाला संमती दिली. नाव कायम राहावे, राज्याचा पैसा परत मिळावा, अशा अटी घातल्या. नावाची काळजी ठीक आहे. आमची मागणी वेगळी आहे. परत येणाऱ्या पैशातून मागासवर्गीय महामंडळांची छोटी थकीत कर्जे याच पद्धतीने, व्याज थांबवून, 'पुनर्रचित' करा. आणि प्रकल्पग्रस्तांच्या नोकऱ्यांचा व आरक्षित पदांच्या अनुशेषाचा हिशेब विलीनीकरणाआधी जाहीर करा.