फुकटचे अवजार आणि न दिसणारे हात

धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर दरवर्षी ३१ जुलैला आंबेडकरी जनता मोठ्या संख्येने जमते. १९३७ साली न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आलेले बाबासाहेब त्या दिवशी तेथे थांबले होते. आम्ही वकील मंडळी तेथे जातो तेव्हा बाबासाहेबांमधला वकील आम्हाला विशेष आठवतो. वकिलाचे खरे हत्यार म्हणजे उलटतपासणी. आज आम्ही उलटतपासणीच्याच एका वेगळ्या अवजाराबद्दल लिहिणार आहोत. हे अवजार यंत्रांना प्रश्न विचारते.

रावेर-यावलच्या केळीच्या मळ्यात ठिबकाचा कंट्रोलर असतो. रात्रीची वीज आली की मोटार सुरू करणारा ऑटो स्टार्टर असतो. घराच्या भिंतीवर इलेक्ट्रॉनिक वीजमीटर असते. ह्या सर्वांच्या पोटात नखाएवढी मायक्रोकंट्रोलर चिप असते. तिला ना पडदा, ना कळफलक. बिघडली तर का बिघडली हे ती सांगत नाही, मुक्या साक्षीदारासारखी गप्प बसते. ह्या साक्षीदाराला बोलते करणाऱ्या सॉफ्टवेअरला डिबगर म्हणतात. चिपच्या ठरलेल्या पिनांना वायरी जोडायच्या, चालू प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवायचा आणि विचारायचे, बाई, ह्या क्षणी तुझ्या मेमरीत नेमके काय आहे? मग ती खोटे बोलू शकत नाही.

अशा डिबगरांपैकी एकाचे नाव ओपन ओसीडी. डॉमिनिक राथ ह्या जर्मन विद्यार्थ्याने २००५ साली ऑग्सबर्गच्या तंत्रमहाविद्यालयात पदविकेचा प्रबंध म्हणून त्याची सुरुवात केली आणि ते जगाला खुले केले. ते कोणीही घ्यावे, वापरावे, बदलावे. अट एवढीच की बदललेले दुसऱ्याला देताना त्याची मूळ संहिताही द्यावी. मद्रासच्या आयआयटीने 'शक्ती' नावाचा देशी प्रोसेसर घडवला. त्याच्यावर काम करणाऱ्यांच्या साधनांतही हेच ओपन ओसीडी आहे. म्हणजे स्वदेशी प्रोसेसरची तपासणीसुद्धा ह्याच फुकटच्या अवजाराने होते.

आमच्या एका सहकारी वकिलाचा मुलगा धुळ्यात पदविकेला आहे. पंपाचे पाणी संपले की मोटार बंद करणारे यंत्र हा त्याचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प. त्याने स्वस्तातला बोर्ड मागवला, पण चिप डिबगरला जोडूनच घेईना. ओळखीचा आकडा जुळत नाही, एवढेच ते सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा सांगे. पोरगा चार रात्री जागला. शेवटी उलगडा झाला. नामांकित कंपनीच्या नावाने विकलेली ती चिप नक्कल होती. अस्सल चिपचा ओळख-आकडा एकने सुरू होतो, हिचा दोनने. बाकी सारे अंक तेच. डिबगरने खोटे आधारकार्ड पकडावे तशी ती चिप पकडली होती. पुढे एका ओळीच्या बदलात काम भागले. बाप आम्हाला म्हणाला, "वकीलसाहेब, ह्या सॉफ्टवेअरला एक पैसा पडला नाही!" आम्ही विचारले, मग पडला कोणाला?

हाच खरा प्रश्न आहे. असे सॉफ्टवेअर एकदा लिहून संपत नाही. बाजारात सारख्या नव्या चिपा येतात आणि प्रत्येक घराण्याच्या मेमरीत लिहिण्याची रीत निराळी असते. जोडणीची उपकरणे बदलतात, संगणकाच्या प्रणाली बदलतात. जगभरातून लोक दुरुस्त्या पाठवतात. त्या प्रत्येक दुरुस्तीची ओळ न् ओळ कोणीतरी वाचावी लागते. शिवाय ती दुरुस्ती त्याच चिपवर चालवून पाहावी लागते आणि हजारो प्रकारच्या चिपा कोणा एकाच्या टेबलावर नसतात. म्हणून चांगली दुरुस्तीही तपासणारा नाही ह्या कारणाने पडून राहते. ओपन ओसीडीची ०.१० ही आवृत्ती जानेवारी २०१७ मध्ये आली आणि ०.११ मार्च २०२१ मध्ये. मधली चार वर्षे काम बंद नव्हते, पण ते निभावून नेणारे हात मोजके होते आणि त्यातले कित्येक पोटाची नोकरी सांभाळून राबत होते.

ह्या देशात उद्घाटनाला हारतुरे मिळतात आणि देखभालीला हेटाळणी. रस्ता बांधणाऱ्याचे नाव पाटीवर लागते, गटार साफ ठेवणाऱ्याचे नाव कोणी विचारत नाही. हे आमच्याइतके कोणाला ठाऊक असणार? गावाची सारी राखण आणि निरोप्याचे काम महारांनी केले. मोबदल्यात वतनाचा तुकडा, शिळी भाकर आणि अपमान. ती वेठ मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन सुधारणेचे विधेयक मांडले. खुल्या सॉफ्टवेअरचा सांभाळकर्ता वेठबिगार आहे असे आम्ही म्हणत नाही. तो स्वतःच्या इच्छेने काम करतो, उद्या सोडूही शकतो. हा फरक फार मोठा आहे. परंतु कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपन्या त्याच्या श्रमावर माल विकतात आणि वर दुरुस्ती लवकर का होत नाही म्हणून जाब विचारतात, तेव्हा जुनीच खोड नव्या वेषात दिसते.

आणि हे केवळ नीतीचे प्रवचन नव्हे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड ह्या छोट्या सॉफ्टवेअरचे प्रकरण जगासमोर आले. ते वर्षानुवर्षे एकच थकलेला माणूस सांभाळत होता. मदतीच्या मिषाने एक अनोळखी आला, दोन-अडीच वर्षे काम करून विश्वास मिळवला आणि चोरदरवाजा बसवून गेला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, ह्या एका अभियंत्याच्या शंकेमुळे जग वाचले. एकट्या माणसावर भार टाकून सगळे निवांत झोपले की असेच होते.

कायद्याचेही पाहू. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ ने कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला संगणकीय प्रोग्रामचे कार्य पाहण्याचा, अभ्यासण्याचा व तपासण्याचा हक्क दिला आहे. पण ज्याच्या हातात तपासण्याचे अवजारच नाही त्याने तो हक्क चाटायचा काय? केंद्र सरकारने २०१५ साली खुल्या सॉफ्टवेअरच्या वापराचे धोरण जाहीर केले. वापराचे धोरण झाले. सांभाळाची जबाबदारी कोणाची? झेरोधा ह्या खासगी कंपनीने २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी वर्षाला दहा लाख डॉलरचा निधी सुरू केला. जे एका दलाली पेढीला सुचते ते सरकारला का सुचू नये?

१९४२ साली गव्हर्नर जनरलला दिलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी अस्पृश्य मुलांसाठी विज्ञान व तंत्रशिक्षणाच्या सवलती मागितल्या होत्या. आज त्यांच्याच नावाच्या लोणेरे येथील तंत्रशास्त्र विद्यापीठाशी खानदेशातील महाविद्यालयेही संलग्न आहेत. त्या विद्यापीठाकडे आणि जळगाव-धुळ्याच्या तंत्रनिकेतनांकडे आमची साधी मागणी आहे. शेवटच्या वर्षाला तेच ते विकत आणलेले प्रकल्प पुरे करा. खुल्या अवजाराची दुरुस्ती, तिची चिपवर चाचणी, मराठीत तिची माहितीपुस्तिका, ह्याला प्रकल्प म्हणून गुण द्या. प्रयोगशाळेतल्या कपाटात वीस प्रकारचे बोर्ड धूळ खात असतात. ज्या चाचणीवाचून दुरुस्त्या अडून राहतात ती चाचणी ह्याच बोर्डांवर आमची मुले करू शकतात.

पोरांना आधी नोकरी हवी, हे फुकटचे काम कशाला, असे काही पालक म्हणतील. त्यांचे चुकत नाही. गरिबाच्या मुलाला फुकट राबायला सांगण्याचा अधिकार कोणालाच नाही. म्हणूनच आम्ही गुण आणि विद्यावेतन मागतो. शिवाय स्वीकारलेली दुरुस्ती लिहिणाऱ्याच्या नावानिशी कायम नोंदली जाते. तेथे वशिला मुळीच नाही असे आम्ही छातीठोकपणे सांगणार नाही. इंग्रजीची भिंतही आहेच. पण दुरुस्ती चालते की नाही हे कोणालाही तपासून पाहता येते, आणि मुलाखतीच्या बंद खोलीपेक्षा हा पुरावा भक्कम आहे.

त्या मुलाचा प्रकल्प पास झाला. आम्ही त्याला एवढेच सांगितले, नक्कल चिपवर तुझ्या चार रात्री गेल्या, ती हकीकत व्यवस्थित लिहून त्या सांभाळणाऱ्या लोकांना पाठव. शिरपूरच्या नाही तर चाळीसगावच्या एखाद्या पोराच्या तरी चार रात्री वाचतील. तो इंग्रजीला घाबरत होता. परवाच्या रविवारी आमच्या ऑफिसात बसून आम्ही दोघांनी मिळून ते पत्र पुरे केले.